मॉरिशसच्या घाटात मी माकडांना खाऊ घातलं



मे महिन्यात आम्ही मॉरिशसला जाऊन आलो हे तुमच्यापैकी बऱ्याच जणींना ठाऊक आहे. फोटो पाहून काहींनी विचारलंही, "काकू, प्रवासाचं कधी लिहिणार?" मी आंबापोळीवर लिहिलं, चातुर्मासातल्या डब्यांवर लिहिलं, पण प्रवासाचं टाळत राहिले. कारण त्यातल्या सगळ्यात सुंदर दिवसाबद्दल लिहायचं तर माझी एक चूकही सांगावी लागते. आता दशलक्षण पर्व तोंडावर आलंय. क्षमावाणीच्या आधी सांगून मोकळी होते.

आमच्या लग्नाला ४० वर्षं झाली म्हणून मुलानं आणि सूनबाईनं ही सहल ठरवली. आम्ही दोघं, ती दोघं आणि ६ वर्षांचा नातू. मुंबईहून विमानानं साधारण सहा तास. राहायला स्वयंपाकघर असलेली जागा घेतली होती, त्यामुळे खाण्यापिण्याची आणि सूर्यास्ताच्या आत जेवण्याची अडचण आली नाही. समुद्र छानच आहे, पण किनाऱ्यावर दोन दिवस बसल्यावर मला आणि ह्यांना कंटाळा आला. खरं मन रमलं ते तिसऱ्या दिवशी, बेटाच्या मधल्या डोंगरातून जाणाऱ्या रस्त्यावर. ब्लॅक रिव्हर गॉर्जेस नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे तिथे. १९९४ साली झालेलं, साडेसहा हजार हेक्टरांचं. बेटावरचं सगळ्यात उंच शिखर याच डोंगररांगेत आहे, ८२८ मीटरचं. आपल्या सह्याद्रीपुढे ते लहानच, पण समुद्रातून एकदम उभं राहिल्यासारखं दिसतं म्हणून मोठं वाटतं.

गाडी चालवणारे भाऊ मराठी निघाले! म्हणजे त्यांचे खापरपणजोबा कोकणातून जहाजानं आलेले. १८३४ पासून इंग्रजांनी उसाच्या मळ्यांत कामाला हिंदुस्थानातून माणसं करारावर नेली, त्यांत आपल्याकडचीही होती. भाऊ घरी क्रिओल बोलतात, आमच्याशी हिंदी बोलत होते, आणि मधूनच आजीकडून आलेले चार मराठी शब्द. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते हे त्यांनी इतक्या अभिमानानं सांगितलं की ह्यांनी त्यांना मोतीचुराचा लाडूच दिला.

किनाऱ्यापासून रस्ता चढायला लागला तशी दोन्ही बाजूंना उसाची शेतं. मी सांगलीकडची, मला ऊस बघून माहेरी आल्यासारखंच वाटलं. व्हाकोआ गावाच्या पुढे एक मोठा तलाव लागतो, मार ओ व्हाकोआ. बेटावरचा सगळ्यात मोठा पाणीसाठा. भाऊंनी सांगितलं की व्हाकोआ हे एका झाडाचं नाव आहे, आणि झाड दाखवलं तर काय, आपल्या केवड्याच्याच जातीचं! तशीच लांब काटेरी पानं, तशीच जमिनीच्या वर आलेली मुळं. तिथून पुढे पेत्राँ. उद्यानाचं माहिती केंद्र तिथे आहे आणि पायवाटाही तिथून सुटतात. बाजूच्या रस्त्यानं गंगातलावाला जाता येतं. तिथे शंकराची ३३ मीटर उंचीची मूर्ती आहे. तलावाकाठी लोक शांतपणे पूजा करत होते, ते पाहून आम्ही परत मुख्य रस्त्याला लागलो.

इथून जो रस्ता लागतो त्याला प्लेन शाँपाञ म्हणतात. घाट म्हणावा तर वळणं फार नाहीत, पठार म्हणावं तर सपाट नाही. उंची सातशे मीटरच्या पुढे. आंबोलीला जूनच्या पहिल्या पावसात कसं होतं, तसं ढग रस्त्यावर उतरले होते. किनाऱ्यावर घाम पुसत होतो आणि इथे मी शाल काढली. झाडं बुटकी, वाऱ्यानं एका बाजूला झुकलेली, खोडांवर शेवाळ. मध्येच ढग फाटला की लांबवर समुद्राची निळी रेघ. मी काच खाली करून नुसती बसले होते. ४० वर्षांत इतका वेळ मला कोणी "चहा झाला का" विचारलं नव्हतं.

रस्त्याच्या कडेला माणसं पिशव्या घेऊन झुडपांत शिरलेली दिसत होती. ती लाल पेरू तोडत होती. बोरापेक्षा थोडं मोठं फळ, आंबटगोड, तिखटमीठ लावून खातात. आम्हीही खाल्लं, नातवानं तर खिसे भरून घेतले. एका फांदीवर तुरेवाला बुलबुल बसला होता, थोडं पुढे साळुंकी. मला इतका आनंद झाला! म्हटलं, "बघा, आपलीच पाखरं इथे!"

भाऊ हसले. म्हणाले, "हो आई, दोन्ही बाहेरूनच आलेली. हा पेरूसुद्धा. खायला गोड आहे, पण त्यानं आमचं जंगल खाल्लं."

तेव्हा मी ते वाक्य कानाआड केलं.

मग आलो गॉर्जेस व्ह्यू पॉइंटला. गाडी लावून थोडं चाललं की कठडा, आणि कठड्याच्या पलीकडे एकदम जमीनच नाही. खाली खोल दरी, दोन्ही बाजूंना हिरवेगार कडे, समोर लांब धबधब्याची पांढरी रेघ, आणि दरीच्या तोंडाशी समुद्र. दरीत लांब शेपटीची पांढरी पाखरं तरंगत होती. तिथल्या विमान कंपनीच्या बोधचिन्हावर हाच पक्षी आहे, हे नातवानं ओळखलं. आम्ही पाचही जण गप्प उभे होतो.

आणि मग माकडं आली. आधी दोन, मग आठ-दहा. एकीच्या पोटाला पिल्लू चिकटलेलं. मी डबा उघडला. दशम्या होत्या, केळी होती. सूनबाई म्हणाली, "आई, नको. तिथे पाटी लावलीय, खाऊ घालू नका म्हणून." मी काय म्हणाले ते जसंच्या तसं सांगते. मी म्हणाले, "पाट्या वाचून पुण्य करायचं नसतं. लेकुरवाळी आहे ती. तुमच्या पिढीला सगळ्याचाच त्रास होतो."

चार माणसांत म्हणाले. ती गप्प बसली.

मी दशमी दिली, केळं दिलं. त्या आईनं माझ्या हातून घेतलं तेव्हा मला देवळात अभिषेक केल्यासारखं समाधान वाटलं. मग डब्यातलं संपलं. माकडांना ते काय कळणार? नातवाच्या हातात अर्धी दशमी होती. एक मोठा नर धावत आला, दशमी ओढली, आणि पोराच्या मनगटावर नखाचा ओरखडा उठला. रक्त आलं. पोर किंचाळलं. सूनबाईनं बाटलीतल्या पाण्यानं आणि साबणानं हात धुतला, रुमाल बांधला, आणि आम्ही गाडीत बसलो. पुढे खाली गावात डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी इंजेक्शन दिलं. आज हातावर खूणही नाही. पण त्या वेळी गाडीत जी शांतता होती, ती मला अजून आठवते. सूनबाई मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

शामारेलकडे रस्ता उतरायला लागला. तिथे सात रंगांची माती आहे, कड्यावरून पडणारा उंच धबधबा आहे. आम्ही कुठेच उतरलो नाही. वळणावळणांवरून समोर ल मॉर्नचा प्रचंड खडक दिसत होता आणि त्याच्या पायाशी उथळ निळं पाणी. एरवी मी दहा वेळा गाडी थांबवायला लावली असती.

शांतता भाऊंनीच मोडली. म्हणाले, "आई, वाईट वाटून घेऊ नका. आमच्याकडेही लोक माकडाला मारुतीचं रूप मानतात. लहानपणी मीही केळी घालायचो. आता नाही घालत." मग त्यांनी जे सांगितलं आणि घरी आल्यावर मी जे वाचलं, ते एकत्र करून सांगते.

माकडं त्या बेटाची नाहीतच. चारशे वर्षांपूर्वी जहाजांतून परदेशी खलाशांबरोबर आली. त्याआधी तिथे झाडावर चढून घरट्यात हात घालणारा प्राणीच नव्हता. म्हणून तिथली पाखरं भिडस्त. डोडो हा भला मोठा न उडणारा पक्षी तिथलाच. माणूस येऊन वसल्यावर शंभर वर्षांच्या आत तो संपला. डच लोकांनी आबनूस तोडलं, मग उसासाठी जंगल गेलं. आज मूळचं चांगलं जंगल बेटाच्या दोन टक्क्यांहूनही कमी उरलंय, आणि त्यातलं बरंचसं या उद्यानात आहे. तेही पेरूच्या झुडपांनी गिळत आणलंय. माकडं पेरू खातात आणि बी सगळीकडे नेतात. वर घरट्यांतली अंडी खातात.

तिथे एक गुलाबी कबूतर आहे, जगात दुसरीकडे कुठेही नाही. १९९० च्या सुमाराला जंगलात अशी जेमतेम १० कबुतरं उरली होती. एक छोटा ससाणा आहे, १९७४ साली जंगलात त्याचे फक्त ४ पक्षी माहीत होते. कार्ल जोन्स नावाच्या शास्त्रज्ञानं आणि तिथल्या लोकांनी पिंजऱ्यात पिल्लं वाढवून, पुन्हा जंगलात सोडून, घरट्यांवर पहारा करून ही पाखरं वाचवली. आज गुलाबी कबुतरं काहीशे आहेत. जंगलाच्या काही तुकड्यांना कुंपण घालून आतला पेरू माणसं हातानं उपटतात. उपटला की पुन्हा उगवतो, की पुन्हा उपटतात.

मैत्रिणींनो, मी जुन्या काळातली बी.कॉम. आहे. लग्नानंतर नोकरी केली नाही, पण घरचं आणि दुकानाचं खातं मीच लिहिलं. दुहेरी नोंद पद्धतीत शिकवतात की कुठलीच नोंद एकटी नसते. एका खात्यात जमा केलं तर दुसऱ्या कुठल्यातरी खात्यात नावे पडतंच. मी त्या कठड्यावर माझ्या खात्यात पुण्य जमा केलं. दुसरी बाजू लिहिलीच नाही. ती नातवाच्या मनगटावर पडली, आणि कोण जाणे, कुठल्यातरी घरट्यातल्या अंड्यावर पडली असेल. रस्त्याकडेला आयतं मिळालं की माकडं तिथे जमतात, वाढतात आणि शेजारच्या झाडांत शिरतात.

आपल्या शास्त्रात हिंसा तीन प्रकारे लागते असं आपण लहानपणापासून ऐकतो. स्वतः केलेली, करवलेली आणि अनुमोदन दिलेली. मी स्वतः काही केलं नाही, पण करवलं नाही असं मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही.

मला माझी आजी आठवली. आमच्या वाड्यात विहीर होती. आजी पाणी गाळायची आणि गाळण्यावर राहिलेली जिवाणी परत त्याच विहिरीत अलगद सोडायची. शेजारच्या विहिरीचं पाणी आणलं असेल तर जिवाणी शेजारच्याच विहिरीत. मी लहान होते, कंटाळा यायचा. म्हणायचे, "इथेच सोड ना, पाणीच आहे." आजी म्हणायची, "पाणी बदललं की जीव मरतात." तिनं जीवशास्त्र शिकलं नव्हतं. पण कुठला जीव कुठला, हे विचारल्याशिवाय दया पुरी होत नाही, हे तिला कळत होतं. मी पदवी घेऊन ते विसरले.

आता तुमच्यातली एखादी म्हणेल, "मग काय, भुकेल्या जिवाला टाकून द्यायचं? उद्या तुम्ही माकडं मारायलाही हो म्हणाल." नाही म्हणणार. पाखरं वाचवायला तिथे उंदरांचे सापळे लावतात हे मी वाचलंय. त्याला माझं अनुमोदन नाही, माझ्या तोंडून ते निघणारही नाही. माकडाचा तर काहीच दोष नाही, त्याला कोणीतरी जहाजात घालून आणलं. पण म्हणूनच मला वाटतं, माकडं वाढवून ठेवायची आणि मग दुसऱ्या कोणालातरी त्यांचा बंदोबस्त करायला लावायचा, हे पाप आपण तरी डोक्यावर घेऊ नये. त्या माकडांना रानात खायला पुष्कळ आहे, पेरू तर ढिगानं आहेत. माझ्या दशमीवाचून एकही उपाशी राहणार नव्हतं. खरं सांगायचं तर भूक माझी होती, पुण्याची.

आणि खाऊ घालणं मुळात वाईट असंही नाही. त्या गुलाबी कबुतरांना त्याच उद्यानात माणसं रोज दाणे घालतात! पण कोणाला, किती, कुठे, ते ठरवून, नोंद ठेवून, दुसऱ्यांनी ते पळवू नये अशी सोय करून. हे वाचून मला फार बरं वाटलं. दाणा तोच, पण घालणाऱ्यानं आधी डोळे उघडे ठेवून पाहिलं होतं. साधू चालताना चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाकतात. हात पुढे करतानाही तसंच पाहायला हवं.

हे सगळं परदेशापुरतं नाही, म्हणून लिहितेय. आपल्याकडे आंबोलीला, महाबळेश्वरला जा. गाडी थांबली की वेफर्सचं पाकीट बाहेर. माकडं रस्त्यावर येतात, गाड्यांखाली सापडतात, पोरांच्या हातातलं ओढतात, मग लोक दगड मारतात. सुरुवात आपण केलेली असते. आणि २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना बंद केला तेव्हा आपल्याकडे किती राग उसळला ते आठवा. मलाही आला होता. मी घरात बसून तावातावानं बोलले होते. ते प्रकरण न्यायालयात गेलं, त्यावर निकाल देणारी मी कोण? पण डॉक्टर फुप्फुसांच्या आजाराबद्दल बोलत होते तेव्हा मी ऐकूनच घेतलं नाही, एवढं मात्र आज कबूल करते. शेजारणीचा दमा हाही जीवदयेचाच विषय आहे. ऐकून घेतल्यानं धर्म बुडत नाही.

आता त्या रस्त्याबद्दल. तुम्ही मॉरिशसला गेलात तर हा रस्ता चुकवू नका. किनारा चार दिवस पाहण्यापेक्षा डोंगरात एक पूर्ण दिवस द्या. सकाळी लवकर निघा, दुपारी ढग उतरतात. शाल आणि छत्री जवळ ठेवा. पेत्राँच्या माहिती केंद्रात अर्धा तास थांबा, मी थांबले नाही ती चूक करू नका. जेवणाचा डबा गाडीत बसून, काचा लावून खा. व्ह्यू पॉइंटवर हात रिकामे घेऊन जा. पोरांच्या खिशातही काही नको. दान करावंसं वाटलंच, आणि ते वाटतंच, तर तिथे पाखरांसाठी आणि झाडांसाठी काम करणाऱ्या संस्था आहेत, त्यांना द्या. पावती मिळते, नोंदीची दुसरी बाजूही दिसते.

शेवटचं. त्या रात्री नातू झोपल्यावर मी सूनबाईजवळ गेले. आमच्या घरात सासूनं सुनेची क्षमा मागायची पद्धत नाही. क्षमावाणीला आपण गावभर हात जोडतो, पण घरातल्या घरात मोठ्यांनी लहानांना हात जोडलेले मी फार पाहिले नाहीत. मी म्हटलं, "चार माणसांत बोलले, चुकलं माझं. तू पाटी वाचलीस, मी नाही वाचली." ती रडली. मीही रडले. मग म्हणाली, "आई, परत जाऊ या. शामारेलची माती राहिली."

आणि दोन दिवसांनी खरंच गेलो. तेच भाऊ, तोच रस्ता, तेच ढग. व्ह्यू पॉइंटवर माकडं आली, आमच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि निघून गेली. नातू हळूच म्हणाला, "आज्जी, ती रागावली का आपल्यावर?" मी म्हटलं, "नाही रे, पेरू खायला गेली."

गुलाबी कबूतर काही दिसलं नाही. पण ते त्या झाडांत कुठेतरी आहे, एवढंही मला पुरलं.

तुमच्यापैकी कोणाचं मन माझ्या लिहिण्यानं दुखलं असेल तर आत्ताच क्षमा मागते. पटलं नसेल तर जरूर सांगा, मी ऐकून घेईन.

जय जिनेंद्र.